शेजारचं कोर्ट

(शाहूपुरीतला एक हाडांचा दवाखाना. दुपार. खोलीबाहेरच्या बाकावर जोतीराम आणि त्यांची मुलगी क्रांती. तिच्या अंगावर अजून खेळायचेच कपडे, पायाशी रॅकेटची बॅग.)

जोतीराम : ...आनि आवाज आला बग. मोठा न्हवं, बारका. वाळकी काटकी मोडावी तसला. मला वाटलं रॅकेटची तार तुटली.

क्रांती : हं.

जोतीराम : राजवीरलाबी कळलं न्हाई. मागं वळून बघितलान् त्यानं. कुणी लाथ मारली काय पायावर म्हणून. मागं कोण हाय? कोण न्हाय. मग खाली बसला.

क्रांती : डॉक्टर काय म्हणाले?

जोतीराम : टाचंमागची शीर. पार तुटलीया. बोट लावलं तर खड्डा लागतोय गं तितं, आत कायच न्हाय. उद्या सकाळी ऑपरेशन करायचं म्हनला.

क्रांती : परत खेळता येईल का, विचारलं?

जोतीराम : इचारलं. म्हनला, आदी चालायचं बगू.

क्रांती : हं.

जोतीराम : नुसतं हं हं काय करायलीस मघाधरनं?

क्रांती : काय म्हणू मग?

जोतीराम : सगळं ब्येस चाललंतं. पयला सेट घेतलान्, दुसऱ्यातबी म्होरं हुता. त्यो चंदीगडचा पोरगा दमलावता, कमरंवर हात ठिवून हुबा ऱ्हात हुता. माझ्या मागं कमिटीचं हंबीरराव बसलंतं. म्हनलं, जोतीराम, आज राजवीर काढतोय म्याच. आपल्या कोल्हापुरात पयल्यांदा एवडी मोठी स्पर्धा. पोरांची आनि पोरींची एका जागी, रशियातनं, जपानातनं खेळाडू आल्यात, आनि त्यात आपलं पोरगं! गावातनं दोन गाड्या भरून मानसं आलीती.

क्रांती : बघितली मी. सगळी दोन नंबरच्या कोर्टाला होती.

जोतीराम : मग? राजवीर दोन नंबरला हुता.

क्रांती : मी तीनला होते.

जोतीराम : व्हय की. शेजारीच. तुजी म्याच रद्द केली असंल न्हवं?

क्रांती : कशाला रद्द करतील?

जोतीराम : एवडा दंगा झाला की. स्ट्रेचर, पळापळी...

क्रांती : अंपायर खुर्चीवरनं खाली उतरला. म्हणाला, तो तुझा भाऊ आहे का? म्हटलं, हो. म्हणाला, जरा वेळ थांबायचंय का?

जोतीराम : मग?

क्रांती : म्हटलं, नको.

जोतीराम : नको?

क्रांती : माझी सर्व्हिस होती.

जोतीराम : थांब थांब. म्हंजे राजवीर पडलाय ते तुला ठावं हुतं?

क्रांती : दिसत होतं, आबा. मधे काय भिंत आहे? जाळी आहे नुसती, आणि ते हिरवं कापड, ते पण छातीइतकंच. तुम्ही दार ढकलून आत पळालेलं दिसलं. तुमची टोपी पडली ते दिसलं. हंबीरकाकांनी ती उचलून झटकली, ते पण दिसलं.

जोतीराम : आनि तू आली न्हाईस.

क्रांती : नाही आले.

जोतीराम : सख्खा भाऊ भुईवर लोळाय लागलाय, आनि तू सर्व्हिस करायलीस.

क्रांती : तुम्ही होता की तिथं.

जोतीराम : मी हुतो म्हंजे?

क्रांती : तुम्ही कायम तिथंच असता. मी येऊन काय केलं असतं?

जोतीराम : अगं, काय करायचं म्हणून येत्यात व्हय? मानूस नुसतं जवळ येतंय. तुला कायच वाटलं न्हाई?

क्रांती : तेच बघतेय मघापासनं. काही वाटतंय का ते. अजून तरी नाही.

जोतीराम : असं बोलू नगंस.

क्रांती : तुम्ही विचारलं म्हणून सांगितलं.

जोतीराम : घाबरलीस तू. हुतंय तसं. माझा बा गेला तवा मी गोठ्यात जाऊन वैरण टाकत बसलोतो. म्हशी खाईनात, त्यांचं पोट भरलंतं, तरी मी टाकतोय. आत बायका रडायल्यात आनि मी वैरण टाकतोय. मागनं आलं रडू. लई मागनं. तुलाबी येईल.

क्रांती : आलं तर येईल.

जोतीराम : बरं, आयक. उद्या सकाळी तू हितं थांबायचं. आई धारा काढून, डेरीला दूध घालून येस्तवर लई टाइम हुतोय. डॉक्टर निम्मं इंग्रजीत बोलतोय, मला कळत न्हाई. तू समजून घे सगळं.

क्रांती : उद्या सकाळी मला नाही जमणार.

जोतीराम : जमणार न्हाई? कुटं जायचंय तुला?

क्रांती : सिस्टर बोलवायल्यात. दादाला भेटायला सोडतायत. चला आत.

जोतीराम : राजवीर! लेकरा, दुखतंय काय रं?

राजवीर : न्हाई ओ आबा. पायच न्हाई असं वाटायलंय. ती मागं हाय का? ये की आत, दारात काय उभी ऱ्हायलीस? सिक्स-फोर, सिक्स-टू. करेक्ट?

क्रांती : तुला कुणी सांगितलं?

राजवीर : मोबाइल होता की हातात. लाइव्ह स्कोअर. अँब्युलन्समधी आबा ड्रायव्हरला शिव्या घालायलेत, तो फिजिओ पायावर बर्फ धरून बसलाय, आणि मी बघतोय, थ्री-टू झालं, फोर-टू झालं. मग दसरा चौकात ट्रॅफिकमधी अडकलो. फाइव्ह-टू तिथंच बघितला.

जोतीराम : कसलं सिक्स-फोर?

राजवीर : तुम्हाला न्हाई सांगितलं हिनं? क्रांती जिंकली, आबा. मेन ड्रॉची मॅच. पहिला पॉइंट हाय तिचा. वर्ल्ड रँकिंगचा पॉइंट!

जोतीराम : ...व्हय गं?

क्रांती : हो.

जोतीराम : मग मघाशी बोलली न्हाईस ते?

क्रांती : तुम्ही विचारलं नाही.

जोतीराम : इचारलं की. रद्द झाली का म्हणून इचारलं न्हवं मी?

राजवीर : आबा, तुम्ही पण जबरदस्त हाय.

जोतीराम : तू गप. माजं डोकं हुतं का जागेवर? पोराचा पाय असा लोंबाय लागलाय... पर चांगलं झालं. चांगलं झालं म्हंतो मी. कोन हुती समोरची?

क्रांती : बंगळूरची. चांगली खेळते.

राजवीर : चांगली? पाचवी सीड हाय ती, आबा. हिनं घरी पाठवली. आणि ही कुठनं आलीया? क्वालिफाइंगमधनं. मला वाइल्ड कार्ड होतं, मी झोपून सरळ मेन ड्रॉला. ही तिकडं उन्हात मॅचेस काढून आलीया.

जोतीराम : त्ये कार्ड हंबीररावांनी दिलं. कमिटीवर हाईत म्हणून.

राजवीर : पोरींचं पण एक कार्ड होतं.

जोतीराम : ठावं हाय.

राजवीर : ते सांगलीच्या पोरीला गेलं. पहिल्याच राउंडला हरली ती.

जोतीराम : अरं, एका घरात दोन-दोन कार्डं कशी मागायची? तोंड हाय का न्हाई आपल्याला? मानसानं एकच मागावं.

क्रांती : मला माहीत होतं, दादा. राहू दे.

राजवीर : तुला माहीत होतं?

क्रांती : हंबीरकाकाच म्हणाले. म्हणाले, तुझ्या वडलांनी शब्द टाकला असता तर झालं असतं. मी म्हटलं, बरं.

राजवीर : नुसतं बरं?

क्रांती : मग काय म्हणणार? क्वालिफाइंगची सही करायची वेळ झाली होती, तिकडं गेले.

जोतीराम : मला काय माईत ही एवडी खेळती म्हणून.

राजवीर : तुम्हाला न्हाई माहीत? कोर्टावर रोज असता तुम्ही.

जोतीराम : तुझ्या प्रॅक्टिसला असतोय मी.

राजवीर : आणि माझ्यासमोर कोण असतंय? पलीकडनं बॉल कोण मारतंय, भूत? आबा, तुम्हीच केलंय की हिला. मी बारा-तेरा वर्षांचा होतो, डावखुरा समोर आला की हरायचो. सांगलीत हरलो, साताऱ्यात हरलो. तुम्ही घरी आला आणि हिच्या डाव्या हातात रॅकेट दिली. म्हणला, आजपासनं तू डावरी. उजव्या हातानं जेवायची, उजव्या हातानं लिहायची पोरगी!

जोतीराम : तिला येत हुतं. पोरांचा हात कसाबी वळतोय.

राजवीर : कसा वळतोय? आईच्या लुगड्याचा काठ फाडून उजवा हात मागं बांधला होता तिचा.

क्रांती : थोडे दिवसच. मी विसरून उजव्यात घ्यायची म्हणून.

राजवीर : रडायची.

क्रांती : मला नाही आठवत रडलेलं. आठवतं ते एवढंच, की तू जोरात मारायचास आणि मला पोचायचं नाही. मग पोचायला लागलं.

जोतीराम : आता ही सगळी उनीदुनी आजच काढायची का? पोरगं हातरुणावर पडलंय, आनि...

राजवीर : मीच काढायलोय न्हवं? पडलेला मीच हाय.

जोतीराम : मी काय वाईट केलं व्हय? उसाचं रान मोडून कोर्ट केलं. कळंब्यात मानसं हसली मला. म्हनली, जोतीराम, सिमीटावर काय पिकिवणार? भाऊबंद बोलायचं बंद झालं. गुऱ्हाळं सुरू झाली की काजळी पडायची निळ्या रंगावर, काळं ठिपकं ठिपकं. पाटंच उठून झाडून घ्यायचं, मग राजवीर खेळायचा. एक दिस खाडा न्हाई.

क्रांती : झाडायची मी.

जोतीराम : तूच झाडायचीस की. न्हाई कोन म्हनतंय?

राजवीर : आबा, एक सांगू? रागवू नका.

जोतीराम : बोल.

राजवीर : पाय गेला न्हवं, खाली बसलो, तुम्ही पळत आला, सगळी ओरडायलीत. तेव्हा माझ्या डोक्यात पहिलं काय आलं म्हाईत हाय? उद्या प्रॅक्टिस न्हाई.

जोतीराम : गुंगीचं औषध हाय ते. काय बी बोलायलास.

राजवीर : गुंगीचं काही दिलेलं न्हाई अजून. खरंच. उद्या न्हाई, परवा न्हाई. असं हलकं वाटलं. मग लाज वाटली, तुमचं तोंड बघून. आता लाज पण न्हाई वाटत. काहीच न्हाई वाटत.

जोतीराम : दोगंबी एकाच माळंचं मणी. ही म्हनती काय वाटंना, तू म्हनतोस काय वाटंना. मग मलाच वाटतंय व्हय सगळं? दोगांचं मीच वाटून घेऊ?

क्रांती : आबा, बसा. तिथं खुर्ची आहे.

जोतीराम : नगं मला खुर्ची.

राजवीर : पुण्याच्या अकॅडमीत होतो, तेव्हापासनंच पुरे झालं होतं मला. सव्वीसाव्या वर्षी कोण येतंय वर? रँकिंग खाली-खालीच चाललंतं. सांगायचं कसं तुम्हाला? रोज सकाळी तुम्ही कोर्टावर चहाचा थर्मास घेऊन उभे.

जोतीराम : सांगायचं हुतं.

राजवीर : सांगितलं असतं तर ऐकलं असतं?

जोतीराम : ...न्हाई.

राजवीर : मग.

जोतीराम : काय म्हनलीस तू मघाशी? उद्या का जमत न्हाई तुला?

क्रांती : मॅच आहे. दुसरा राउंड.

जोतीराम : किती वाजता?

क्रांती : पहिलीच लावलीय. दहाला.

जोतीराम : ऑपरेशन नऊला न्हेणार म्हनत्यात.

क्रांती : माहीत आहे.

जोतीराम : मग म्याच सोडून दे की. लोक समजून घेतील. घरात एवडं झालंय म्हनल्यावर कोन नावं ठेवणार हाय?

राजवीर : का सोडायची?

जोतीराम : भाऊ ऑपरेशनला आनि भैन खेळाय गेली, बरं दिसतंय का ते?

राजवीर : कुणाला? मी झोपलेला असणार, आबा. माझ्याशेजारी कोण बसलंय, कोण न्हाई, मला काय कळणार? ती हितं बसून भिंत बघत बसणार. कागदावर सह्या मी करतोय, मला इंग्रजी येतंय, पुण्याची तेवढी तरी कमाई हाय.

जोतीराम : तिला इचार की. तिला तरी खेळायचंय का?

राजवीर : क्रांते?

क्रांती : खेळणार आहे.

जोतीराम : एवडी हौस?

क्रांती : हौस नाही, आबा. हौस-बिस काही नाही. आज शेवटचा पॉइंट झाला, ती पोरगी हात मिळवायला आली, तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, हिला काय झालं? मग कळलं, ती हरलीय. म्हणजे मी जिंकले. बॅग भरली, बाहेर आले, रिक्षा केली. रिक्षावाला म्हणाला, ताई, आत टेनिस चाललंय म्हणे, आपल्या कोल्हापूरचं कोण जिंकलं का? म्हटलं, माहीत नाही.

राजवीर : माहीत न्हाई म्हणलीस?

क्रांती : तोंडातनं आलं. खोटं नव्हतं ते. तेव्हा खरंच माहीत नव्हतं.

जोतीराम : मग उद्या कशाला जातीस? मन नसताना?

क्रांती : ड्रॉमधे नाव आहे. दहाला बोलवलंय. जायचं. दुसरं काय करतात सकाळी, मला ठाऊक नाही.

राजवीर : माझ्यासाठी तर जाऊ नकोस हं. भावाला वाहिली मॅच, असलं पेपरात छापून येईल.

क्रांती : तुझ्यासाठी नाही.

राजवीर : बास. मग ठीक हाय.

जोतीराम : आज ह्यो पडला तवाबी असंच? जायाचं, खेळायचं?

क्रांती : असंच. फोर-ऑल होतं. मी जाळीकडं बघितलं, तुम्ही सगळे वाकलेले. मग बॉल हातात होता. टाकला वर.

राजवीर : मला ऐकू आलं ते.

जोतीराम : काय आयकू आलं?

राजवीर : हिची सर्व्हिस. मी खाली पडलेला, माझ्या अंगावर दहा मुंडकी, ऊन पण दिसंना. कुणी म्हणतंय पाणी आणा, कुणी म्हणतंय हलवू नका. आणि पलीकडं ठक्क. हिची सर्व्हिस मी झोपेत पण ओळखतो, आबा. रॅकेटच्या मधोमध लागली की तसला आवाज येतोय. म्हटलं, बरं झालं. ही न्हाई थांबली.

क्रांती : एस होता तो. तिची रॅकेट लागलीच नाही बॉलला.

राजवीर : म्हाईत हाय. आवाजावरनंच कळलं.

जोतीराम : मला न्हाई आयकू आला.

राजवीर : तुम्ही रडत होता, आबा.

जोतीराम : मी? ...व्हय. रडत असंल.

क्रांती : मी निघते. घरी जाऊन अंघोळ करते. घाम वाळला सगळा. संध्याकाळी आईला घेऊन येते, डबा आणते.

जोतीराम : थांब. उद्या कोन हाय समोर?

क्रांती : कझाकिस्तानची आहे. उंच आहे. सर्व्हिस मोठी आहे तिची.

राजवीर : बॅकहँडला घाल. डावरीची सर्व्हिस बाहेर जातीय, तिला वाकायला लागंल. उंच पोरींना वाकायचं जिवावर येतंय.

क्रांती : बघितलंय मी तिला. तेच करणार.

राजवीर : आणि आता सोड की, क्रांते. मला डावखुरा न्हाई लागणार आता. उजव्या हातानं खेळ, तुझ्या हातानं.

क्रांती : आता उजव्यानं नाही येत.

राजवीर : गंमत केली गं.

क्रांती : कळलं. हसायला नाही आलं, एवढंच.

जोतीराम : मी येतो उद्या.

क्रांती : कुठं?

जोतीराम : तुझ्या म्याचला.

क्रांती : नको. इथं थांबा तुम्ही.

राजवीर : जाऊ द्यात की. आईला हंबीरकाका गाडीतनं आणतील, म्हशीचं शेजारची आक्का बघील. हितं काय, मला आत न्हेणार, बाहेर आणणार. आबा बाहेर येरझाऱ्या घालून सिस्टरला पिडणार.

क्रांती : नको, आबा. खरंच.

जोतीराम : का? रागावलीस?

क्रांती : राग नाही. राग आला असता तर बरं झालं असतं. मला सवय नाही तुमची.

जोतीराम : सवय न्हाई? एवडी वर्सं समोरासमोर हाय की आपण. ह्याच्या मागं मी हुबा असतोय, पलीकडं तू. रोज बगतोय तुला.

क्रांती : मला नाही बघत. माझा बॉल कुठं पडतोय ते बघता. आत का बाहेर.

राजवीर : आबा, बसा आता. खुर्चीवर बसा.

जोतीराम : बसतो. क्रांते, आयक. मी बोलनार न्हाई कायबी. टाळ्या वाजवू नगं म्हनलीस तर वाजवनार न्हाई. गावातनं कुणाला आनणार न्हाई. हिकडनं ह्याला आत न्हेला की निगतो. आत न्ह्यायला उशीर केला तर पयलं दोन-चार गेम हुकतील, हुकू देत. येऊ का?

क्रांती : हरले तर?

जोतीराम : मग गाडीतनं घेऊन येतो. येगळं काय करायचं हाय?

क्रांती : ...या.

जोतीराम : कुटं बसू?

क्रांती : कुठंही बसा.

जोतीराम : तसं न्हवं. ह्याच्या म्याचला मी बेसलाइनच्या मागं, डाव्या अंगाला बसायचो. त्याला तिकडंच बघायला आवडायचं. तुला कुटं बसल्यालं चालतंय?

क्रांती : काय माहीत, आबा. माझ्या बाजूला अजून कुणी बसलंच नाही.